व्हाइट परत येईना: इंग्लंडमधल्या एका पबच्या पूल टेबलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातला एक छोटा पब. चालवणारं जोडपं आपलं मराठी, मूळचं सोलापूरकडचं. नावं देत नाही, तिथे सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी सांगलीकडचा, इथे एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, म्हणजे दिवसभर व्हर्निअर आणि गेज घेऊन पार्ट मोजत बसायचं. शनिवारी संध्याकाळी पबमध्ये जातो, वहिनी किचनमधून शेंगाचटणी लावलेली भाकरी हातात देतात, मग मी दोन गेम खेळतो आणि घरी येतो. या प्रकरणात माझा संबंध एवढाच, पण शेवटी टेबल उघडून आत डोकं घालायची वेळ माझ्यावर आली म्हणून लिहितोय.

पुण्या-मुंबईच्या पूल पार्लरमध्ये खेळलेल्यांना हा प्रश्नच मुळात का येतो ते आधी सांगायला पाहिजे. आपल्याकडे तासावर नाहीतर फ्रेमवर पैसे देतो, काउंटरवर माणूस असतो, व्हाइट, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल, पॉट झाला, म्हणजे पॉकेटमध्ये पडला, की हात घालून काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, विषय संपला. पबमध्ये टेबलापाशी माणूस नसतो, बारवरचा एकटा पोरगा बिअर ओतणार की गेम मोजणार? म्हणून टेबलच पैसे घेतं. पाउंडचं नाणं टाकलं की आतून १५ बॉल धडधडत बाहेर येतात, ७ लाल, ७ पिवळे, १ काळा. त्यानंतर जो बॉल पॉट होईल तो आत कैद, पुढचा पाउंड पडेपर्यंत बाहेर येत नाही. पण व्हाइट चुकून पॉट झाला तर तो मात्र दर वेळी, फुकट, लगेच परत मिळाला पाहिजे, नाहीतर गेम जागीच थांबला.

म्हणजे सहा पॉकेटांतून येणारे १६ बॉल टेबलाच्या पोटात, अंधारात, एकाच घसरणीवरून येतात आणि त्यातला एक टेबलाने ओळखून वेगळ्या वाटेला लावायचा असतो. कॅमेरा नाही, वीज नाही, निदान या टेबलात तरी नाही.

दादांनी पब घेतला तेव्हा हे टेबल फर्निचरबरोबरच मिळालं होतं. बऱ्याच पबमध्ये टेबल एखाद्या ऑपरेटर कंपनीचं असतं, पेटीतल्या पैशांत त्यांचा वाटा आणि बिघडलं की त्यांचाच माणूस येतो. दादांचं स्वतःचं, म्हणजे पेटीतले सगळे पैसे त्यांचे आणि दुखणीही सगळी त्यांचीच.

टेबल व्हाइट ओळखतं कसं

इंग्लंडच्या पबमधल्या पूलला लाल-पिवळे बॉल २ इंचाचे असतात, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि व्हाइट मुद्दाम लहान, १ पूर्णांक ७/८ इंच, ४७.६ मिलिमीटर. फरक ३.२ मिलिमीटरचा, हातात घेतल्यावर पटकन कळतही नाही, मी दोन वर्षं खेळत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. सगळी ओळख या ३.२ मिलिमीटरवर चालते.

दादांच्या टेबलात व्यवस्था अशी आहे: सगळी पॉकेटं एका उताराच्या लाकडी पन्हळीत येतात. ही पन्हळ पुढे उतरते तशीच थोडी डावीकडेही कललेली आहे, त्यामुळे बॉल डाव्या भिंतीला घासत येतो. शेवटच्या टप्प्यात त्या भिंतीऐवजी एक आडवी पट्टी आहे, तिच्याखाली साधारण वीतभर लांबीची फट, फटीची उंची ४९ मिलिमीटरच्या आसपास. लाल-पिवळा बॉल फटीपेक्षा उंच, तो पट्टीला टेकून सरळ पुढे जातो आणि कैदेच्या खणात पडतो. व्हाइट बुटका, तो पट्टीखालून डावीकडे निसटतो आणि दुसऱ्या वाटेने टेबलाच्या बाजूच्या खिडकीत येऊन थांबतो. काही टेबलांत हेच काम दुसऱ्या तऱ्हेने होतं, पण पबच्या टेबलात लहान व्हाइट दिसला की समजायचं, आत उंची नाहीतर रुंदी मोजणारं काहीतरी आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही फट म्हणजे एक गो-नो-गो गेज आहे. इचलकरंजी, कोल्हापूर, सांगलीच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये पोरं रोज वापरतात. एका मापाचा पार्ट जातो, दुसऱ्या मापाचा अडतो, आकडा वाचायची गरज नाही. हे मला सगळ्यात शेवटी सुचलं आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण माझं कामच ते आहे.

अमेरिकेत बरोबर उलटं आहे, ते मुद्दाम सांगतो कारण पुढे पर्याय बघताना त्यावरून बराच घोळ झाला. तिथले बॉल २ पूर्णांक १/४ इंचाचे, ५७.१५ मिलिमीटर, आणि जुन्या बार टेबलांवर व्हाइट मोठा, २ पूर्णांक ३/८ इंच म्हणजे ६०.३ च्या आसपास. लहान बॉल जातात, मोठा व्हाइट अडतो आणि परत येतो. दुसरा प्रकार चुंबकाचा: व्हाइटच्या आत लोखंड असतं, माप बाकी बॉलांएवढंच, आणि वाटेत लावलेलं चुंबक त्याला बाजूला ओढतं.

अडचण

तक्रार सुरू झाली ती एका वाक्यात, "टेबल पाउंड खातंय." कधी व्हाइट पॉट व्हायचा आणि परतच यायचा नाही, लाल-पिवळ्यांबरोबर खणात जाऊन बसायचा. मग खेळणारे एकमेकांकडे बघणार, एकजण बारवर येणार, गर्दी असली तर दहा मिनिटं थांबणार, नाहीतर वैतागून स्वतःच दुसरा पाउंड टाकणार, की सगळेच बॉल बाहेर आणि चालू गेमचा सत्यानाश. आणि कधी उलट, पिवळा पॉट झाला तर तोच व्हाइटच्या खिडकीत हजर.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. बारवरच्या पोराने दादांना सांगितलं "बॉल चुकीचे येतायत", दादांनी मला फोनवर सांगितलं "टेबल बिघडलंय", आणि एवढ्या प्रवासात नेमकं काय होतंय ते हरवलं.

एका शनिवारी भांडण झालं. दोन जण पैज लावून खेळत होते, एकाचा काळा बॉल पॉट करायचा बाकी, दुसऱ्याने व्हाइट पॉट केला, तो आत गेला तो गेला. पहिला म्हणाला तुझा फाउल, आता माझी दोन शॉटची पाळी, दुसरा म्हणाला व्हाइटच नाही तर गेम रद्द. आवाज चढले, वहिनी किचनमधून बाहेर आल्या, दादांनी दोघांना गल्ल्यातून पाउंड काढून दिला आणि वर एकेक ड्रिंक. ते दोघं नंतर तीन आठवडे आले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "पाउंडचं काय एवढं नाही रे, पण लोकांना वाटतंय आपण मुद्दाम करतोय." हे त्यांना फार लागलं होतं. परक्या गावात, परक्या लोकांचा अड्डा आपण चालवायला घेतलाय आणि त्यांच्या मधोमध ठेवलेलं टेबल लोकांना फसवतंय, असं कोणी म्हणावं हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिथून मी हे मनावर घेतलं.

आधी जे जे करून बघितलं

पहिला संशय नाण्याच्या यंत्रावर. त्याला कारण होतं. हे टेबल जुनं, गोल पाउंडच्या काळातलं. २०१७ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये बारा बाजूंचं नवीन पाउंडचं नाणं आलं आणि १५ ऑक्टोबर २०१७ नंतर जुनं गोल नाणं चलनातून गेलं. जुनं २२.५ मिलिमीटर व्यासाचं आणि ३.१५ जाड, नवीन २३.४३ आणि २.८, म्हणजे रुंदीला मोठं पण जाडीला कमी. त्यामुळे नाण्याची यंत्रं बदलावी नाहीतर दुरुस्त करावी लागली आणि या टेबलाचंही तेव्हा कोणीतरी काहीतरी केलेलं होतं, स्क्रू वेगळ्या प्रकारचे दिसतात. त्यामुळे दादा म्हणाले तिथेच गडबड आहे. पण थोडा विचार केला असता तर कळलं असतं, नाण्याचं यंत्र फक्त कैदेच्या खणाचं झडप उघडतं. बॉल कुठल्या वाटेने गेला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

मग एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने स्पिरिट लेव्हल ठेवली, टेबल एका कोपऱ्यात खचलं होतं, पाय फिरवून लेव्हल केलं, चार शॉट मारून बघितले, ठीक आहे म्हणाला, पैसे घेतले आणि गेला. आणि फरक पडला, हे सांगायलाच पाहिजे, तो माणूस चुकीचा नव्हता. मी वर म्हटलं ना पन्हळ डावीकडे कललेली असते, टेबल उजवीकडे खचलं की तो कल कमी होतो, व्हाइटला निसटायला जोर मिळत नाही. लेव्हल केल्यावर व्हाइट हरवायचं प्रमाण कमी झालं. कमी झालं, थांबलं नाही. पण कमी झाल्यामुळे सगळ्यांना वाटलं झालं काम, आणि आठवडाभराने तक्रार परत आली तेव्हा दादांचा मेकॅनिकवरचाच विश्वास उडाला.

तिसरा प्रयत्न सगळ्यात महागात पडला. दादांनी ऑनलाइन नवीन व्हाइट मागवला. जुना पिवळट पडलेला, कडेला टवका उडालेला, त्यांना वाटलं त्यामुळे अडतोय. मागवताना बॉल २ इंचाचे हे पबमध्ये कोणाला तरी माहीत होतं, म्हणून त्यांनी २ इंचाचा व्हाइट मागवला. सुंदर चकचकीत बॉल आला. आणि मग एकही व्हाइट परत येईना, एकही नाही, प्रत्येक वेळी आत. साहजिक आहे, टेबलाच्या दृष्टीने तो व्हाइट नव्हताच, सोळावा रंगीत बॉल होता. रंग टेबलाला दिसत नाही.

पण गंमत बघा, याच चुकीमुळे मला उत्तर सापडलं. आधी कधीकधी होणारी गोष्ट अचानक दर वेळी व्हायला लागली, आणि फक्त बॉल बदलला होता. मी दादांना फोनवर म्हटलं, "दादा, रविवारी सकाळी पब उघडायच्या आधी येतो, टेबलाच्या टोकाच्या दाराची किल्ली शोधून ठेवा, आणि पबमध्ये जेवढे पूलचे बॉल असतील, कपाटातले, खालच्या खोलीतले, सगळे काढून ठेवा."

रविवारची सकाळ

व्हर्निअर घेऊन गेलो. आधी टेबल उघडलं नाही, आधी बॉल मोजले. प्रत्येक बॉल तीन दिशांनी, कारण टवका उडालेला बॉल एका दिशेने बरोबर भरतो आणि दुसऱ्या दिशेने नाही. वहिनी वहीत लिहीत होत्या.

लाल सातही ठीक, साडेपन्नासच्या वर. काळा ठीक. पिवळ्यांत सहा ठीक आणि एक ४७.७. मी परत मोजला. तोच आकडा. वहिनींनी तो हातात घेतला, दुसऱ्याशेजारी टेबलावर ठेवला, वरून स्टीलची पट्टी ठेवली तेव्हा कुठे दिसलं की पट्टी कलतेय. हा पिवळा या सेटचाच नव्हता. घरगुती लहान टेबलांचे १ पूर्णांक ७/८ इंचाचे सेट मिळतात, त्यातला होता. पिवळा तोच, चमक तीच. मग वहिनींना आठवलं, मागच्या उन्हाळ्यात एक पिवळा हरवला होता, बहुतेक कोणी खिशात घालून नेला, आणि एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने घरून आणून दिला होता, अगदी चांगल्या मनाने. पिवळा व्हाइटच्या खिडकीत का येतो त्याचं उत्तर हे. टेबल बिघडलेलं नव्हतंच, ते सांगितल्याप्रमाणे बुटका बॉल बाजूला काढत होतं.

पण व्हाइट हरवतो त्याचं कारण हे नाही. म्हणून मग टोकाचं दार उघडलं. स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी फरशी, वगैरे उचलावी लागत नाही आणि एकट्याने उचलायचा विचारही कोणी करू नये, फार जड असते. दारातून शेवटचा टप्पा, पट्टी आणि खण दिसतो. टॉर्च मारला. पन्हळीच्या तळाला काळपट-निळा थर, बोट लावलं तर चिकट. वर्षानुवर्षं सांडलेली बिअर पॉकेटातून झिरपलेली, त्यावर क्यूच्या चॉकची निळी पावडर, कापडाचे तंतू, धूळ. सगळ्यात जाड थर बरोबर फटीसमोर, कारण तिथे बॉल हळू होतात. मापलं, पट्टीखाली एका टोकाला ४८.९ मिळाले, दुसऱ्या टोकाला जिथे थर होता तिथे ४७.४.

व्हाइट ४७.६ चा. म्हणजे फटीच्या अर्ध्या लांबीत तो जाऊ शकत होता आणि अर्ध्या लांबीत अडत होता. हळू आला तर पहिल्या अर्ध्यात निसटायचा, जोरात आला तर पहिला अर्धा भाग पार करून जायचा, पुढे थर, आणि मग रंगीत बॉलांच्या मागे खणात. म्हणून "कधीकधी".

हा जोराचा मुद्दा मला घरी येऊन कागदावर मांडावासा वाटला. पन्हळीचा डावीकडचा कल ५ अंशांच्या आसपास धरला, तर घरंगळणाऱ्या बॉलला अर्ध्या व्यासाएवढं, म्हणजे २४ मिलिमीटर, बाजूला सरकायला साधारण ०.३ सेकंद लागतात. फट वीतभर, २० सेंटिमीटर धरा. म्हणजे बॉलचा वेग सेकंदाला ७० सेंटिमीटरपेक्षा जास्त असला तर तो निसटायच्या आतच फट संपते. फट थराने अर्धी झाली की मर्यादाही अर्धी, ३५ सेंटिमीटर. आता खिडकीजवळच्या पॉकेटात कोणी जोरात व्हाइट घातला तर तो कुठल्या वेगाने येत असेल विचार करा. त्यासाठीच पन्हळीत वेग मारायला रबराचा एक पडदा टांगलेला असतो, बॉल त्याला धडकून मग सावकाश पुढे जातो. या टेबलात त्याचे दोन खिळे होते, रबर नव्हतं.

मेकॅनिकचं लेव्हल, चिकट थर, गेलेलं रबर, हे सगळं एकाच तक्रारीचे तीन तुकडे. आणि लहान पिवळा ही स्वतंत्र तक्रार. सगळ्यांवर मिळून एक नाव: टेबल पाउंड खातंय.

पर्याय

इथे खरी चर्चा झाली, आणि ती फक्त दुरुस्तीची नव्हती. दादांच्या मनात आलं होतं की विकून टाकू आणि ऑपरेटरचं टेबल भाड्याने आणू. त्यात डोक्याला ताप नाही, पण पेटीतला वाटा जातो आणि करारात अडकतो, वहिनी साफ नाही म्हणाल्या. दुसरं, नाण्याचं यंत्रच बंद करून टेबल फुकट ठेवायचं, लोक खेळतील आणि जास्त पितील. मला हे वाईट वाटलं नाही, काही पबमध्ये असतं तसं, पण दादा म्हणाले मग चार पोरं संध्याकाळभर टेबल अडवून बसतात आणि म्हाताऱ्यांना मिळत नाही. पाउंड हा पैशापेक्षा पाळी ठरवायला लागतो. हे मला पटलं. कडेला नाणं ठेवलं की पुढचा नंबर आपला, हा तिथला न लिहिलेला नियम आहे आणि तो सगळे पाळतात.

तिसरा पर्याय चुंबकाचा, आणि हा सगळ्यात मोहाचा होता. तरुण पोरांचं म्हणणं होतं की व्हाइट बाकी बॉलांएवढाच हवा, लहान व्हाइट म्हणजे जुनाट. २ इंचाचा चुंबकाने ओढला जाणारा व्हाइट आणि त्यासोबत बदलायची व्यवस्था इंग्लंडमध्ये मिळते. थर साचला तरी चालेल, पिवळा लहान असला तरी चालेल, कारण ओळख मापावर नाही, लोखंडावर. दादांना लगेच पटलं.

मी थांबायला सांगितलं आणि त्यामागे कारण खेळाचं होतं. बॉल एकाच मटेरियलचे धरले तर लहान व्हाइटचं वजन लाल-पिवळ्यापेक्षा १८ टक्क्यांच्या आसपास कमी भरतं, कारण वजन व्यासाच्या घनावर जातं. हलका बॉल जड बॉलवर सरळ, फिरकी न देता आदळला तर तो जागेवर थांबत नाही, किंचित मागे येतो. त्यामुळे या टेबलांवर स्क्रू मारणं, म्हणजे व्हाइट मागे ओढणं, सोपं आणि पुढे पाठवणं अवघड. अमेरिकेच्या मोठ्या व्हाइटचं उलट, तो जड असल्यामुळे पुढे ढकलत जातो आणि मागे ओढताना दम निघतो. म्हणजे बॉल ओळखायच्या सोयीसाठी केलेल्या मापाने खेळण्याची पद्धतच बदलून टाकलीय. या पबची टीम लीगमध्ये खेळते, लीगमध्ये २ इंच आणि १ पूर्णांक ७/८ हेच माप आहे, वर्ल्ड एटबॉल पूल फेडरेशनचंही तेच. घरच्या टेबलावर समान व्हाइटने सराव करून बाहेर लहान व्हाइटने खेळायचं म्हणजे प्रत्येक शॉटचा अंदाज चुकणार. टीमच्या कॅप्टनला विचारलं, तो साठीचा गृहस्थ, त्याने एका वाक्यात सांगितलं की व्हाइट बदलला तर आम्ही दुसऱ्या पबमध्ये सराव करू.

शिवाय चुंबकाच्या व्हाइटमध्ये लोखंड अगदी मधोमध, सगळीकडून सारखं बसलेलं पाहिजे. स्वस्तातला घेतला आणि वजन एका बाजूला असलं तर हळू शॉटला बॉल शेवटी वाकडा जातो. थर साचू नये म्हणून एवढा खर्च करायचा, त्यापेक्षा थर काढावा, माझं मत सरळ होतं. दादांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं. तरुण पोरं नाराज झाली आणि त्यांची नाराजी मला अजूनही थोडी योग्य वाटते, ती बाहेर कधी लीग खेळणार नाहीत, त्यांच्यासाठी समान व्हाइटच चांगला होता.

काय केलं

कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण, प्लास्टिकची खरवडणी, जुन्या टूथब्रशने कोपरे. पाणी कमीत कमी, कारण पन्हळ लाकडाची, भिजली की फुगते आणि मग वेगळंच दुखणं. दीड तास लागला. दोन-तीनदा कोरड्या फडक्याने पुसून दार दिवसभर उघडं ठेवलं. मग परत मापलं, दोन्ही टोकांना ४८.९. व्हाइटला १.३ मिलिमीटर मोकळीक, रंगीत बॉलला दीडपेक्षा जास्त अडसर. याहून जास्त काही नको.

रबराचा पडदा जुन्या सायकलच्या ट्यूबचा कापून लावला, आधी फार कडक झाला, बॉल मागेच अडायला लागला, मग खालून उभ्या चिरा मारल्या तेव्हा जमलं. हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

बॉल पूर्ण नवीन सेट घेतला, एकाच कंपनीचा, व्हाइटसकट, फेनॉलिक रेझिनचा, बेल्जियममध्ये बनणारे अ‍ॅरामिथचे. महाग पडतात, पण पबमध्ये दिवसाला शेकडो धडका बसतात आणि स्वस्त बॉल लवकर झिजतात, इथे झीज म्हणजे माप आणि माप म्हणजे सगळंच. एक जादा व्हाइट ४७.६ चा बारमागे ठेवला. तो चकचकीत २ इंचाचा व्हाइट पबमध्ये ठेवायचाच नाही असं ठरवलं, गर्दीत कोणीतरी तोच उचलून टेबलावर ठेवणार.

मग तपासणी. सहाही पॉकेटांतून व्हाइट पाच-पाच वेळा, हळू, मध्यम, जोरात. खिडकीजवळच्या पॉकेटातून जोरात मारलेला एकदा आत गेला. पडदा थोडा खाली ओढला, परत पाच वेळा, ठीक.

आणि एक निर्णय दादांनी स्वतः घेतला, मला तो सगळ्यात जास्त आवडला. टेबलाशेजारी इंग्रजीत कागद लावला: व्हाइट परत आला नाही तर दुसरा पाउंड टाकू नका, बारवर सांगा, पाउंड परत मिळेल आणि किल्लीने व्हाइट काढून देऊ. कोणी खोटं सांगून पाउंड घेईल ही भीती होती. दोन महिन्यांत तसं कोणी केल्याचं बारवरच्या पोराला दिसलं नाही.

काय झालं

बारमागे एक वही ठेवली, व्हाइट चुकला की तारीख, कुठलं पॉकेट, जोरात की हळू. पहिल्या आठ आठवड्यांत दोन नोंदी, दोन्ही खिडकीजवळच्या पॉकेटातल्या, दोन्ही ब्रेकच्या, म्हणजे गेमच्या पहिल्या शॉटच्या. ब्रेकला व्हाइट थेट पॉकेटात गेला तर तो एवढ्या वेगात असतो की पडदाही पुरत नाही, त्यावर माझ्याकडे अजून उपाय नाही. पडदा दुहेरी करून बघायचाय. पिवळा खिडकीत आल्याची नोंद एकही नाही.

पैज लावणाऱ्या दोघांतला एक परत आला, दुसरा नाही आला. लीगची टीम टिकली.

आज परत केलं तर

सगळ्यात आधी "बिघडलं" हा शब्द बाजूला ठेवून विचारलं असतं: कुठला बॉल, कुठल्या पॉकेटातून, कुठल्या खिडकीत? पहिल्या दिवशी एवढं विचारलं असतं तर दोन तक्रारी वेगळ्या दिसल्या असत्या आणि पिवळा त्याच संध्याकाळी सापडला असता. वही शेवटी ठेवली, ती सुरुवातीला ठेवायला हवी होती.

मेकॅनिकला परत बोलवायला हवं होतं. त्याच्या कामाने फरक पडला होता, म्हणजे तो बरोबर दिशेला होता, आणि त्याला "अजून थोडं होतंय" एवढं सांगितलं असतं तर त्याने दार उघडून थर बघितला असता. दादा चिडले होते आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

कुठलीही वस्तू मागवायच्या आधी जुनी मोजायला हवी होती. दादांकडे व्हर्निअर नव्हता, पण माझ्याकडे होता आणि मी दर शनिवारी तिथे जात होतो. हे माझ्याकडून राहिलं.

एका गोष्टीवर मात्र अजून माझं नक्की ठरत नाही: त्या गिऱ्हाइकाला सांगायचं का, की त्याने प्रेमाने आणून दिलेल्या पिवळ्या बॉलमुळे हे झालं? दादा नको म्हणाले. वहिनींनी तो बॉल धुऊन गल्ल्याशेजारी ठेवलाय, तो माणूस येतो, बघतो, कधी विचारत नाही. टेबलाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवलंय, व्हाइट ४७.६, बाकी ५०.८, फट ४८.९, दर तीन महिन्यांनी साफ करणे. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत.